डाव्या कानातला प्रवेश

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि विशेषतः ज्यांच्या घरी येत्या काळात पाळणा हलण्याची शक्यता आहे अशा सर्व कुटुंबांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माणसाच्या शिक्षणाचा आरंभ वयाच्या तिसऱ्या वर्षी होत नाही. पाचव्या वर्षी तर नाहीच नाही. तो होतो बाराव्या दिवशी, बारशाच्या पाळण्यात, आणि तोही डाव्या कानातून. उजवा कान आत्याचा. डावा कान आमच्या बाईंचा. ही गोष्ट कुठल्याही शैक्षणिक धोरणात आलेली नाही, हे त्या धोरणाचं दुर्दैव.

मी आता साताऱ्यात राहते. पण त्याआधी बरीच वर्षं विट्यात बाईंच्या हाताखाली बालवाडीत काम केलं. बाई उंचीला माझ्या खांद्याला लागायच्या, तरी हाताखाली मीच. बाईंची उंची मोजायची नसते, आवाज मोजायचा असतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

बालवाडी म्हणजे मारुतीच्या देवळाला चिकटलेली एक लांबोडकी खोली. एका भिंतीपलीकडे मारुती, दुसऱ्या भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागाची खटाक्-खट दिवसभर चालू. आमच्या पोरांनी सगळी बडबडगीतं त्या ठेक्यावर पाठ केली. त्याचा परिणाम असा झाला, की वीज गेली आणि माग थांबले की पोरंही मध्येच थांबायची. चिमणीनं घरटं अर्धं बांधलेलं, कावळा अर्धा भिजलेला, आणि सगळी पोरं तोंड उघडी ठेवून भिंतीकडे बघत बसलेली. वीज आली की कावळा पुढं भिजायला मोकळा. एकदा बाईंच्याच तोंडून ओळ पुढं सरकेना. मी हसले. त्या म्हणाल्या, "हसतीस काय गं बये? ताल सोडून गावं का मी?"

पण बाईंची खरी विद्या शिकवण्यात नव्हती. शिकवायला काय, मीही शिकवत होते. त्यांची विद्या होती पोरं गोळा करण्यात. दुसऱ्या शाळा जूनमध्ये बोर्ड लावतात, रिक्षातून भोंगा फिरवतात, दारात फायबरचा हत्ती उभा करतात. बाई बाराही महिने वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत फिरायच्या.

रोज घरून निघताना वेगळी गल्ली धरायची. मान वर. दोन वेळा गटारात पाय गेला, एकदा म्हशीवर आपटल्या, पण मान खाली नाही. कुठल्या गच्चीवर, कुठल्या गॅलरीत दुपटी वाळत आहेत, लंगोट किती लहान आहे, ह्यावरून त्या मला खोलीत शिरता शिरता बातमी द्यायच्या. "पाण्याच्या टाकीमागं एक आलंय. पोरगं असावं, आजीनं मिरवून पुढच्या दोरीवर घातल्यात." तिसऱ्या वर्षी ते पोरगं आमच्या सतरंजीवर बसलेलं असायचं.

मग गावात डायपर आले. बाई आठवडाभर सुतकात असल्यासारख्या वागल्या. "लोकास्नी वाटतं सोय झाली," त्या म्हणाल्या, "माझं आख्खं खातं बुडालं. आता कुणाच्या घरात काय हललंय, कसं कळायचं?" पण हार मानतील त्या बाई कसल्या. त्यांनी मोर्चा वळवला बाजारपेठेतल्या किराणा दुकानाकडं. दुकानदार आमच्या बालवाडीतच शिकलेला. बाई दारात उभ्या राहून भर गिऱ्हाइकात विचारायच्या, "डिंक कुणी नेला रं?"

"बाई, सांगू नये असलं."

"हाळीव?"

"बाई, गिऱ्हाईक हाय समोर."

"बरं, नाव नको सांगू. गल्ली सांग."

तो बिचारा मापं घेत घेत डोळ्यांनी गल्ली दाखवायचा. शिवाय बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणारी एक मावशी होती. तिच्याशी बाईंचं इतकं मेतकूट, की डॉक्टरच्या आधी बाईंना तारीख कळायची. एकदा एका सुनेनं ही गोड बातमी अजून सासूलाही सांगितली नव्हती, तेवढ्यात बाईंनी भाजीच्या गाड्यापाशी तिला हळूच विचारलं, "सकाळची तुकडी बरी पडंल का दुपारची?" ती सून पिशवी तिथंच टाकून पळाली. पोरगी झाली. सकाळची तुकडी घेतली.

आता बारशाकडं येऊ. आमच्याकडं बारसं कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाळणा सजवतात, घुगऱ्या शिजतात, बाळाला पाळण्याखालून देतात नि वरून घेतात, आणि आत्या वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते. ती वाकली रे वाकली, की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. हा आत्याचा मान. मार खाल्ल्याबद्दल आत्याला साडी मिळते आणि त्या दिवशी आत्यानं तोंडानं मागितलेलं नाही म्हणायची रीत नाही.

तर बाई गावातल्या प्रत्येक बारशाला हजर. आमंत्रण असलं तर पुढच्या दारानं, नसलं तर मागच्या. आत्याचं कुर्र झालं, पाठ झोडून झाली, बायका हसत बाजूला झाल्या, की बाई पदर खोचून पुढं. बाळाच्या डाव्या कानाशी वाकायच्या आणि पुन्हा एक कुर्र काढून कुजबुजायच्या, "मारुतीजवळची बालवाडी." झाला प्रवेश. फॉर्म नाही, फोटो नाही, आईवडिलांची मुलाखत नाही. वाकल्यामुळं त्यांनाही बुक्क्या बसायच्या; बायकांचा हात एकदा सुटला की कुठं थांबतोय? बाई त्या आनंदानं खायच्या. "फी हाय ती माझी," म्हणायच्या. "हितं पालक फी देत न्हाईत, मास्तरीण देती."

आणि पुढं कुणी शब्द फिरवला, पोराला टाय बांधून हत्तीच्या शाळेत घातलं, तर बाई रस्त्यात त्या पोराला थांबवून त्याचा डावा कान हळूच धरायच्या आणि आईला विचारायच्या, "ह्यातलं काढून घेतलं व्हय तुमी?" अर्ध्या आया त्यातच विरघळायच्या. उरलेल्या अर्ध्या आया दुसऱ्या गल्लीनं जायच्या, आणि दुसऱ्या गल्लीत बाई दुपटी बघत उभ्या असायच्या.

आलेली सगळी पोरं घ्यायचीच, असंही नव्हतं. बाईंचं शास्त्र होतं. त्या म्हणायच्या, "नुसत्या ज्वारीचं थालपीट चवीला लागतंय का? भाजणी पायजे." आमच्या खोलीतली भाजणी खरंच बघण्यासारखी होती. मागावर काम करणाऱ्यांची पोरं, त्यात कानडी बोलणारी, हिंदी बोलणारी. फौजींची पोरं, जी बाईंना 'सरजी' म्हणायची आणि उप्पीट समोर आलं की ताठ उभी राहायची. उसाच्या मळेवाल्यांची पोरं, ज्यांना सगळ्या जगाची मालकी आपल्याकडं आहे असं वाटायचं. आणि गलाईवाल्यांची. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात सगळ्या हिंदुस्थानात पसरलेली. कोण केरळात, कोण बंगालात, कोण कोइमतूरला. त्यांची पोरं तिकडं जन्मतात, तिकडची भाषा बोलतात, आणि आजीची आठवण आली किंवा आईचं दुसरं बाळंतपण आलं की मध्येच कधीतरी आमच्या सतरंजीवर येऊन पडतात.

असंच एक कोइमतूरचं पोरगं आलं. मराठीचा एक शब्द येत नाही. काही दिलं की हात झटकून म्हणायचं, "वेंडा!" म्हणजे तिकडच्या भाषेत 'नको'. आठ दिवसांत ते मराठी शिकलं नाही, पण आमची सगळी खोली वेंडा शिकली. दूध, वेंडा. झोप, वेंडा. पाढे, वेंडा. घरोघरच्या आज्या बालवाडीच्या दारात जमल्या. "बाई, पोरगं मला भाकरी दिली की शिवी देतंय." बाईंनी सगळ्या आज्यांना सतरंजीवर बसवलं आणि त्यांनाही वेंडा शिकवला. मग गावात सुना नि सासवांमध्येही तो चालू झाला आणि पुष्कळ भांडणं एका शब्दात आटोपायला लागली.

माण तालुक्यातल्या एका मेंढरं राखणाऱ्या घरची पोरगी वर्षातून काही महिने यायची, कळप जवळपास बसला की. ती आली की मला रजाच. पोरं बाहेर पांगली की ती जिभेनं टकटक असा एक आवाज काढायची आणि सगळी पोरं, मळेवाल्यांच्या त्या छोट्या मालकांसकट, गुपचूप खोलीत शिरायची. कळप पुढं गेला की बाई आठवडाभर दाराशी उभ्या राहून तो आवाज काढायचा प्रयत्न करायच्या. पोरं त्यांच्याकडं दयेनं बघायची.

आणि चावरं पोर. बाईंचा आग्रह असायचा की दरवर्षी एक तरी चावरं पाहिजेच. "चावरं असलं की बाकीची एकीनं ऱ्हात्यात," त्या म्हणायच्या. एका वर्षी सगळी गुणी पोरं आली तर त्या इतक्या काळजीत पडल्या, की हत्तीच्या शाळेनं काढून टाकलेलं एक चावरं खास बोलावून घेतलं. त्यानं पहिला चावा बाईंनाच घेतला. मनगट दाखवत त्या दिवसभर खूश होत्या. "दातं बघ कशी एका ओळीत हायेत."

एकदा पाहणीसाठी एक साहेब आले. तरुण होते, इस्त्रीचे होते. त्यांनी विचारलं, "विद्यार्थ्यांची वर्गवारी कशी आहे?"

बाई म्हणाल्या, "तीन वर्ग. आजीनं वाढवलेली, मोबाइलनं वाढवलेली, आन वाऱ्यावर वाढलेली."

"तसं नाही. म्हणजे कुठल्या कुठल्या घरांमधून येतात?"

"ती व्हय? चार वर्ग. घरात भांडण असलेली, भांडण लपवणारी, भांडायला नवराच हितं नसलेली, आन एक फौजीचं घर हाय, तिथं सासूसासरे अजून नवीन लग्न झाल्यागत वागत्यात. त्या पोराला जरा सांभाळून घ्यावं लागतं."

साहेबांनी पेन बंद केलं. जाताना बाईंनी त्यांना उप्पीट दिलं आणि लग्न झालंय का विचारलं. ते नुकतंच झालं होतं. "बदली हुईपतूर हितंच ऱ्हावा," बाई म्हणाल्या. साहेबांच्या डाव्या कानाची पाळी लाल झालेली मी स्वतः पाहिली.

असं सगळं चाललं होतं. पण खरं सांगायचं तर सतरंजी दरवर्षी थोडी जास्त दिसायला लागली होती. पूर्वी पोरांच्या खाली सतरंजी दिसत नसे. आता तिच्यावरचे पट्टे मोजता येत होते. घरोघर एकच मूल, तेही हत्तीच्या पिवळ्या गाडीत बसून टाटा करत जाणारं. गलाईवाल्यांची जोडपीच्या जोडपी बाहेर. बाईंची मान वर असायची, पण दोऱ्यांवर मोठ्या माणसांचेच कपडे वाळत असायचे.

आणि मग खोलीचा प्रश्न आला. खोली देवळाच्या ट्रस्टची, आणि ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे दादा. दादा चाळिशीच्या आतले, गळ्यात साखळी, दंडाला ताईत, आणि तो ताईत दिसावा म्हणून शर्टाच्या बाह्या नेहमी वर. त्यांना त्या खोलीत जिम काढायची होती. दादाही बाईंच्याच बालवाडीतले. त्यांच्या डाव्या कानात कुर्र बाईंनीच केलेलं. त्यांची धाकटी बहीणही आमचीच. ती लग्न होऊन कोइमतूरला गेली, आणि वेंडा शिकवून गेलेलं पोरगं तिच्याच थोरल्या जावेचं.

दादा एक दिवस खोलीत आले, पायातले बूट न काढता उंबऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण गावात पोरंच ऱ्हायली न्हाईत. तरणी पोरं हायेत, त्यास्नी व्यायाम पायजे. एवढी जागा धाबारा लेकरांसाठी अडवून कसं चालंल?"

"सोळा हायेत," बाई म्हणाल्या.

"वीस करा. जूनच्या मीटिंगपतूर वीस नावं दाखवा, मी खोलीला हात लावायचो न्हाई. न्हाईतर मशिनी आणतो."

"वीस म्हंजे वीस?"

"वीस म्हंजे वीस. आन बाई, खरं सांगतो, माणसं बाहेर गेली ती गेली. आमचंच बघा. आमच्या पाव्हण्यांचं कोइमतूरला एवढं मोठं दुकान. ती काय परत येत्यात व्हय? आली तरी मी येऊ द्यायचो न्हाई. हितं काय ठेवलंय?"

बाई म्हणाल्या, "बूट काढून ये आत." आणि दादांनी बोलणं संपलेलं असूनही बूट काढले, आत आले, काय करावं ते सुचेना म्हणून मारुतीच्या भिंतीला नमस्कार केला आणि बूट हातात घेऊन गेले.

मग आम्ही दोघी एप्रिल-मेच्या उन्हात वणवण फिरलो. मागवाल्यांच्या चाळीतून एक मिळालं. कोयनानगरहून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबातलं एक मिळालं, ते जरा कुठं जड गाडी गेली की पटकन टेबलाखाली जाऊन बसायचं. घरी भूकंपाची तशी शिकवणच होती. "शहाणं हाय," बाई म्हणाल्या, "बसू दे टेबलाखाली. टेबलाखाली बसलं तरी हजेरी लागती." तिसरं एक दूरच्या वस्तीवरचं. अठरा झाली, एकोणीस झाली. विसावं काही मिळेना. मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आदल्या संध्याकाळी बाई खोलीत रिकाम्या सतरंजीवर बसून होत्या. भिंतीपलीकडे माग चालू होते. मी म्हटलं, "बाई, उठा, घरी जाऊ." त्या म्हणाल्या, "जिममध्ये गाणी लावत्यात का गं?"

"लावतात. मोठ्यानं."

"मग मागाचा ठेका ऐकू यायचा न्हाई कुणाला," त्या म्हणाल्या. आयुष्यात एवढं हळू त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील. आणि मग एकदम उठल्या, पदर खोचला. "चल. बारशाला जायचंय."

"कुणाच्या?"

"दादाच्या पोरीच्या."

दादांच्या घरी पाळणा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी हलला होता. आख्ख्या गावाला आमंत्रण होतं. बाईंना मात्र नव्हतं. मुद्दाम नव्हतं. दादांनी किराणा दुकानदाराला दम दिला होता, मावशीला दम दिला होता, डिंक कराडहून आणवला होता. आणि मुलगी पोटात असतानाच हत्तीच्या शाळेत तिचं नाव सांगून ठेवलं होतं. हे ऐकून बाई म्हणाल्या होत्या, "माझंच शिकून मलाच फशिवतोय."

आम्ही पोचलो तेव्हा घरात मुंगीला जागा नव्हती. पाळणा मधोमध, बायका भोवती, घुगऱ्यांचा वास, आणि एक मोठी अडचण. आत्या आलेली नव्हती. कोइमतूरहून तिकीट मिळालं नाही म्हणे. मग ठरलं, फोनवरून कुर्र. दादांच्या मेव्हणीनं फोन पाळण्यावर धरला होता. पडद्यावर आत्या, मागं खोकी रचलेली, भिंती उघड्या. कुणीतरी विचारलंही, "दुकान एवढं मोकळं कसं दिसतंय गं?" ती काहीतरी पुटपुटली. दादाच अभिमानानं म्हणाले, "नव्या दुकानात माल हलवायला लागल्यात." तेवढ्यात आत्याच्या मागून एक पोरगं धावत आलं, पडद्याला नाक लावून ओरडलं, "वेंडा!" आणि पळालं. मेव्हणीला फोन बाळाच्या कानाशी न्यायला सांगितलं. आत्यानं तोंड उघडलं, 'कु' म्हणाली आणि तिथंच अडकली. चित्र थिजलं. तोंड उघडं. बायका मुठी वर करून उभ्या. मारायचं कुणाला?

"हलव की फोन!"

"रेंज गेली."

"आगं पण वेळ टळायला लागली."

दादांनी वैतागून मेव्हणीच्या हातून फोन हिसकावला आणि रेंज पकडायला हात उंच करून पाळण्यापाशी उभे राहिले. मुठी अजून वरच. तेवढ्यात माझ्या शेजारून बाई सुटल्या. गर्दीतून कशा गेल्या देव जाणे. बुटक्या माणसाला गर्दीत वाटा असतात. पाळण्यावर वाकल्या, तेही उजव्या कानाशी.

"बाई! त्यो आत्याचा कान हाय!" दादा ओरडले.

"आज दोन्ही माझे," बाई म्हणाल्या, "नाव सांग लवकर."

दादांनी नाव सांगितलं. ते नाव त्यांनी बरीच वर्षं जपून ठेवलेलं होतं. बाईंनी ते बाळाच्या कानात सांगितलं, कुर्र केलं, आणि एवढा वेळ थांबलेल्या सगळ्या मुठी एकदम सुटल्या. मीही दोन घालून घेतल्या. बऱ्याच वर्षांची इच्छा होती. मग त्या डाव्या कानाशी वळल्या, कुर्र केलं, पुन्हा बुक्क्या. बाई उभ्या राहिल्या, अंबाडा सावरला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "झालं? आता आत्याचा मान."

दादांनी साडीच्या तबकाकडं खूण केली.

"साडी वेंडा," बाई म्हणाल्या. "मला हे विसावं पोरगं दे. वीस नावांत घे."

आत्यानं मागितलेलं नाही म्हणायची रीत नाही, आणि दादांच्या मागं त्यांची आई, चुलत्या, मावश्या अशी सगळी रीत उभी होती. पण दादाही बाईंच्याच हाताखालून गेलेले.

"बाई," ते म्हणाले, "बारा दिसाचं लेकरू नावात घेत न्हाईत. ट्रस्ट मला हसंल. चालतंबोलतं पायजे. सगळ्यांच्या देखत सांगतो, आत्याचा मान म्हणून सांगतो. एक, एकच, चालतंबोलतं पोरगं आत्ता हितं नावानिशी सांगा, आन खोली तुमची. मी हयात हाय तवर तुमची."

"शब्द?"

"शब्द. पाळण्यावर हात ठेवून." आणि त्यांनी खरंच एक हात पाळण्यावर ठेवला. दुसऱ्या हातात फोन तसाच होता, हात दमल्यामुळं खाली आलेला, पडदा त्यांच्या स्वतःच्या छातीकडं आणि मागचा कॅमेरा बाईंच्या तोंडासमोर.

बाईंनी सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. आणि वर्गात विचारायच्या त्या आवाजात विचारलं, "चालतंबोलतं पोरगं. हाय का गं कुणाकडं?"

कुणाकडं नव्हतं. जी होती ती आधीच आमच्याकडं होती किंवा हत्तीकडं. एक आजी म्हणाली, "नातू हाय, पण पुण्यात." दुसरी म्हणाली, "माझी बी पुण्यात." बायका खाली बघायला लागल्या. दादांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद येतोय की काय असं वाटलं, पण आला नाही; ते बाईंकडं बघत होते आणि त्यांचा पाळण्यावरचा हात तसाच होता. बाईंनी खोचलेला पदर सोडला. गावातली शेकडो बारशी गाजवणाऱ्या त्या बाईंना मी पहिल्यांदाच कुठं बघावं ते न कळलेलं पाहिलं.

आणि दादांच्या छातीपाशी काहीतरी खरखरलं. रेंज आली होती, आणि बाईंचा मघाचा प्रश्न तेवढा उशिरा का होईना तिकडं पोचला होता. पलीकडून दिसत होत्या त्या फक्त बाई. फोन कुणाच्या हातात आहे हे तिकडं कळायला मार्गच नव्हता. आत्याचं मघापासून उघडं असलेलं तोंड अखेर सुटलं, आणि मागच्या पोरांचा गलका, खोक्यांची आदळआपट ह्या सगळ्याच्या वर तिचा आवाज आख्ख्या घरभर घुमला:

"बाई! आवं बाई, माझी दोन्ही घाला की! चालती बी हायेत आन बोलती बी! आमी दुकान मोडून पंधरा दिसात कायमचं विट्याला यायला लागलोय... फकस्त आमच्या दादाला एवढ्यात सांगू नका हं!"